माया लोकांचे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. चपला काढायच्या, हातात पाण्याचा तांब्या घ्यायचा आणि उभ्या-उभ्याच विचारायचं, "चूल कुठे तुमची?" घरात गॅस येऊन वीस वर्षं झालेली असली तरी प्रश्न हाच. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहत. आत पाऊल टाकत नसत, पण तिथून त्यांची सरबत्ती सुरू होई. पाणी कुठे भरून ठेवता? धान्य कुठे? म्हातारं माणूस कुठे झोपतं? भाजी निवडायला बायका कुठे बसतात, आणि तिथेच का बसतात? एवढं झालं की खिशातली वही काढून घराचा नकाशा काढायचे, आणि नकाशा पुरा झाला की मग कुठे खुर्चीवर टेकायचे. तोवर चहा गार झालेला असे.

घरचे लोक या प्रकाराने बावचळून जात. एकमेकांना खुणा करत, आणि शेवटी घरातला कर्ता माणूस घसा खाकरून विचारी, "सर, आमचं देवघर बरोबर दिशेला आहे ना?" झालं. नानांचा चेहरा आंबट होई. इतिहासाच्या प्राध्यापकाला लोकांनी वास्तुवाला समजावं, यासारखं दुःख त्यांना दुसरं नव्हतं. "मी दिशा बघत नाही हो, माणसं बघतो," असं ते म्हणत. समोरचा माणूस समजूतदारपणे मान हलवी आणि पुन्हा विचारी, "पण संडास नैर्ऋत्येला चालेल ना?"

शिरपूरच्या कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवत. मूळचे फैजपूरचे, केळीच्या बागायतदारांच्या घरातले. वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण आनंद झाला किंवा राग आला की गावची बोली वर येई आणि मग दर दोन वाक्यांमागे "काबरं?" ऐकू येई. काबरं म्हणजे का बरं. पोरांनी त्यांना 'काबरं सर' असं नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अभ्यासक्रमात मौर्य होते, यादव होते, मराठे आणि इंग्रज होते. तास संपायला दहा मिनिटं उरली की नाना पुस्तक मिटत आणि म्हणत, "राजे पुष्कळ झाले. आता माणसांकडे जाऊ." ही माणसं म्हणजे माया लोक.

मध्य अमेरिकेच्या जंगलात हजार-दीड हजार वर्षांपूर्वी या माया लोकांची शहरं नांदत होती. जगाला त्यांची उंच मंदिरं माहीत आहेत आणि त्यांचं पंचांग माहीत आहे. नानांना त्याचं फारसं काही नव्हतं. त्या मंदिरांच्या आसपास मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर घालून राहणारी साधी कुटुंबं त्यांना माहीत होती, आणि त्यांच्याविषयी ते असं बोलत की जणू कालच त्यांच्याकडे जेवून आले आहेत. एका अंगणाभोवती भावाभावांची दोन-तीन घरं. तीन दगडांची चूल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, पाट्यावर वाटायचा. घरातलं माणूस गेलं की पुष्कळदा त्याला घराच्या जमिनीखालीच पुरायचं. आणि घर जुनं झालं की पाडायचं, पण जमीन उकरायची नाही. तिच्यावर भर घालून नवी जमीन करायची आणि नवं घर उभं करायचं.

"म्हणजे बघा," नाना म्हणत, "आजी खाली, नातू वर. कुणी घर सोडून गेलंच नाही. तू कोण, असं त्या नातवाला विचारलं तर तो काही राजाचं नाव सांगणार नाही. तो पायाखाली बोट दाखवेल."

हे खूळ त्यांना लागलं धुळ्यातल्या एका रद्दीच्या दुकानात. कव्हर गेलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तिथे त्यांच्या हाती आलं. उत्खननात सापडलेल्या घरांचे नकाशे पानोपानी होते. नाना सांगायचे की, पहिली वीस पानं मला वाटत होतं हे आमच्या यावल तालुक्यातलंच एखादं जुनं गाव आहे. अंगण तसंच, चूल तशीच, पाटाही जवळपास तसाच. देशाचं नाव वाचलं तेव्हा ते तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले. पुढे तीस वर्षं मिळेल ते वाचलं, पण त्या देशात कधी गेले नाहीत. पासपोर्टसुद्धा काढला नाही. कुणी छेडलंच तर म्हणत, "गेलो असतो तरी त्यांनी मंदिरंच दाखवली असती."

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या लबाडीमुळे. आमचं गाव सोनगीरच्या पुढे, महामार्ग सोडून आत. घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. मी शिरपूरला मामांकडे राहून शिकत होते आणि गावच्या घराची मला मनापासून लाज वाटायची. नानांनी वर्गात सगळ्यांना आपापल्या घराचा नकाशा काढून आणायला सांगितलं. मी मामांच्या शेजाऱ्यांचं घर आठवून एक झकास नकाशा काढला. सोफा, स्वयंपाकाचा ओटा, फरशी बसवलेली न्हाणी, वर गॅलरी. नानांनी तो वर्गात पाहिला आणि वहीत ठेवला. तास संपल्यावर व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "शोभा, या घरात कुणी राहत नाही."

मी म्हटलं, राहतो ना सर, आम्ही राहतो. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. स्वयंपाकघराला मी दारच काढलं नव्हतं. "तुझी आई भाकरी घेऊन भिंतीतून बाहेर येते? काबरं?" मला रडू कोसळलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. खिशातली पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, "ज्या घरात भाकर खाल्ली ते काढ." मी ते काढलं. त्या कागदावर मला शेरा मिळाला नाही, पण प्रश्न मिळाले सतरा-अठरा, आणि त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मला देता आली नाहीत. आपण जन्मलो त्या घरातलं आपल्याला इतकं कमी माहीत असावं, याचा मला त्या दिवशी फार राग आला.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने, ती सातपुड्याच्या पाड्यावरची होती, आपल्या घराच्या नकाशात तीन दगडांची चूल काढली. मागच्या बाकावर खसखस पिकली. नानांनी खडू घेतला, तिचा नकाशा जसाच्या तसा फळ्यावर उतरवला आणि शेजारी एक माया घर आठवणीतून काढलं. मग पोरांना म्हणाले, यांतलं परदेशातलं कोणतं ते सांगा. कुणालाही सांगता येईना. तेव्हा ते तिच्याकडे वळले आणि अगदी पाहुण्यासारखं विचारलं, "मक्याची भाकर जमते का आमच्यासारख्याला शिकायला?" पुढच्या रविवारी ते खरोखरच तिच्या पाड्यावर गेले. ती मुलगी नंतर वर्षभर पहिल्या बाकावर बसली.

पुढे माझं शिक्षण झालं, लग्न झालं, मी जळगावला आले आणि शाळेत मराठी शिकवू लागले. नाना निवृत्त होऊन फैजपूरला परतले. मी दिवाळीला फोन करायची. तब्येत वगैरे विचारण्याआधी ते विचारत, "फ्रीज कुठे ठेवलास?"

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जाऊन तीन वर्षं झाली होती. गावच्या घरात माझी माय, धाकटा भाऊ दिलीप, त्याची बायको आणि पोरगा. दिलीपने जुनं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं. ठेकेदार ठरला, आखणी झाली, जेसीबीला तारीख दिली. आणि माय म्हणाली, घर बांधा, पण जमीन खंदू नका.

आधी सगळ्यांना वाटलं, जुन्या घरात जीव अडकला आहे म्हातारीचा. दिलीपने तिला शांतपणे समजावलं की पाया खणल्याशिवाय घर उभं कसं राहणार. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. कारण विचारलं की गप्प. मग तिने आपली बाज आतल्या अंधाऱ्या खोलीत, रांजणाच्या ओट्याशेजारी नेऊन टाकली आणि तिथून उठेना. दोन दिवस जेवली नाही. दिलीप वाईट नाही, पण दोन दिवसांनी तोही ओरडला. मला फोन करून म्हणाला, "ताई, तू ये आणि तिला घेऊन जा. मशीन येईल त्या दिवशी ती घरात नको."

मी फोनवर मायशी बोलले. ती म्हणाली, "मी मरी जासू, मंग जे करनं ते करा." ती हे चिडून म्हणाली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ती भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली. माझी माय बोलेल तसं करणारी बाई. तिला उचलून आणलं तर ती जगणार नाही, किंवा जगली तरी दिलीपचं तोंड पुन्हा बघणार नाही, याची मला खात्री होती. मी हादरून गेले. नवऱ्याशी बोलून झालं, मामांशी बोलून झालं, आणि काही सुचेना तेव्हा नुसतं रडायला म्हणून नानांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ती बसते कुठे?" मी म्हटलं, रांजणाच्या ओट्यापाशी. रांजण भरता का, त्यांनी विचारलं. नाही, नळ आला तेव्हापासून रिकामाच आहे. "मग ओटा काढून टाकला नाही काबरं?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते फैजपूरहून जळगावच्या स्टँडवर हजर. तिथून आम्ही दोघं धुळ्याच्या गाडीत बसलो. वाटेत ते पिशवीतली केळी काढून मला देत राहिले.

घरी पोचलो तर दिलीप आणि ठेकेदार अंगणात उभे. दिलीपने माझ्या तोंडून सरांविषयी ऐकलं होतं, पण नाना चपला काढून "चूल कुठे?" म्हणाले तेव्हा त्याने आणि ठेकेदाराने एकमेकांकडे जे पाहिलं ते मी पाहिलं. नानांनी सगळं घर हिंडून नकाशा काढला. मग मला बाजूला घेऊन पेन्सिल टेकवली. चूल इकडे, दार इकडे, विहीर तिकडे. आणि पाण्याचा रांजण अगदी उलट्या टोकाला, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात. पाणी आणणाऱ्या बाईला डोक्यावर हंडा घेऊन दोन उंबरे ओलांडून अंधारात जावं लागणार. "अशी गैरसोय कुणी पन्नास वर्षं उगाच करत नाही," ते हळू म्हणाले. "आणि तो ओटा बघ. कालचाच सारवलेला आहे."

खरंच होतं. माझ्या सगळ्या लहानपणी माय दर आठवड्याला तो ओटा सारवायची. रिकाम्या रांजणाचा ओटा कुणी सारवतं का, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

नाना आत जाऊन मायसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी तब्येत विचारली नाही, जेवण्याचा आग्रह केला नाही. आपल्या फैजपुरी बोलीत म्हणाले, "अक्का, याच्या खाली कोन आहे?"

मला संताप आला. वाटलं, या माणसाच्या डोक्यातले माया लोक आता माझ्या उपाशी आईच्या अंगावर सोडतो आहे. मी त्यांना उठवायला पुढे झाले. तेवढ्यात मायने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मनी पोर शे."

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. मला ते माहीतच नव्हतं. नऊ दिवसांची होऊन गेली. तान्ह्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, गावाबाहेर नाल्याकाठी पुरतात. आबा आणि आजोबा त्या दिवशी बैलांच्या बाजाराला गेले होते. "नालाकडे कुत्रा ऱ्हातस," माय सांगत होती. "मना जीव नही व्हयना." तिने सासूचे पाय धरले. माझी आजी कडक बाई, पण तिनेच कुदळ आणली. दोघींनी मिळून आतल्या कोपऱ्यात खड्डा केला. पुरुष परतले तेव्हा त्यांना सांगितलं की नाल्यावर नेऊन आलो. चार दिवसांनी आजीने त्या जागेवर ओटा घातला आणि वर रांजण बसवला, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको. कुणाजवळ बोलायचं नाही, असं सुनेला बजावलं. आजी गेली, आजोबा गेले, शेवटी आबा गेले. आबांना मरेपर्यंत कळलं नाही. आणि माझी माय दर आठवड्याला तो ओटा सारवत राहिली.

नानांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "नाव काय तिचं?"

"नाव ठेवाना पह्यलेच गयी."

"घरात राहते तिला नाव लागतं, अक्का," नाना म्हणाले. "घाई नाही. सुचेल तेव्हा ठेवा."

मग त्यांनी तिला माया लोकांविषयी सांगितलं. आम्हाला वर्गात सांगत तसंच, काही सोपं न करता. ते लोक आपली माणसं घराखाली ठेवत, त्यात कुणाला वेडेपणा वाटत नसे, आणि घर नवं करताना खालच्याला धक्का लावत नसत. शेजारच्या गावातल्या सोयऱ्यांची हकिकत ऐकावी तसं मायने ते ऐकलं. ती म्हणाली, "त्यास्नी मंग नवं घर बांधं?" नाना म्हणाले, बांधलं, वर बांधलं, खाली हात लावला नाही. तिने ओट्यावरून हात फिरवला. "मंग तसं करा," ती म्हणाली. आणि नाना उठायला लागले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही धरून म्हणाली, "दिलीपले सांगू नका. त्याना बापले बी म्हाईत नव्हतं." नानांनी शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण पेच पुढेच होता. ठेकेदाराच्या आखणीत नेमका त्या कोपऱ्यात कॉलम येत होता, म्हणजे पुरुषभर खोल खड्डा. नानांनी अंगणात येऊन नकाशा पसरला आणि सांगितलं, हा कोपरा सोडा. कॉलम मागे परसात तीन फूट सरकवा. जुन्या जमिनीवर मुरुमाची भर घालून जोतं उंच घ्या, आतली जमीन मात्र खणू नका. दिलीपने साहजिकच विचारलं, "पण का, सर?"

आयुष्यभर दुसऱ्याला 'काबरं' विचारणाऱ्या माणसाला कुणीतरी का म्हणून विचारलं होतं, आणि त्यांना खरं सांगता येत नव्हतं, खोटं बोलायची सवय नव्हती. तेवढ्यात ठेकेदाराने नकाशावर बोट ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "ईशान्य कोपरा आहे, दिलीपभाऊ. ईशान्येला भार चालत नाही. गुरुजी बरोबर सांगताहेत, माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

दिलीपने नानांना वाकून नमस्कार केला. मी नानांकडे पाहत होते. एक शब्द बोलले असते तर हा गैरसमज तिथल्या तिथे मिटला असता, आणि तसा तो त्यांनी जन्मभर ठिकठिकाणी मिटवला होता. त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोपरा सोडा म्हणजे झालं."

दिलीपच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गावाला सांगायला त्याला कारण मिळालं होतं, आणि आपली आई हट्टी नाही हेही ठरलं होतं. तो आत जाऊन म्हणाला, "माय, तू सांगे तेच सर बी सांगी ऱ्हायनात." दुपारी माय त्याच्या शेजारी बसून दादर ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी जेवली. तिने त्याच्या ताटात अर्धी भाकर वाढली. मी परसात जाऊन पोटभर रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

घर पाडायच्या दिवशी नाना पुन्हा आले, कुणी बोलावलं नसताना. त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून सकाळपासून बसले. रांजण त्यांनी चार माणसांकडून उचलवून परसात नेऊन ठेवला. जेसीबीचा दात जरा जवळ आला की ते छत्री मिटून पुढे करत आणि मशीनवाला मुकाट्याने मागे घेई. मजुरांचं म्हणणं, गुरुजी जप करताहेत. त्यांच्या तोंडात फैजपूरचे केळीचे वेफर्स होते. संध्याकाळपर्यंत भिंती गेल्या, पत्रे गेले, आणि त्या जमिनीचा टवकाही निघाला नाही.

याची शिक्षा नानांना चांगलीच झाली. बातमी सोनगीरपर्यंत पोचली की शोभाताईंचे सर जबरदस्त वास्तू बघतात, फुकट बघतात आणि फार बोलत नाहीत. लोकांनी त्यांचा नंबर मिळवला. ते मला फोन करून म्हणत, "शोभा, तुझ्या गावाने माझी आयुष्यभराची अब्रू घालवली." पण नाकारलं त्यांनी एकालाही नाही, कारण नाकारलं असतं तर तो कोपरा का सोडला हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. कुणी संडासाची दिशा विचारली तर सांगत, "घराला लागून करा. म्हातारीला चालत लांब जावं लागू नये." आमच्या गावात तीन जणांनी ते शास्त्र म्हणून पाळलं आहे.

आठ महिन्यांनी घर उभं राहिलं. वास्तुशांतीला नानांनी आणि त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना काकू म्हणतो, यायचं ठरलं होतं, पण काकूंचे गुडघे दुखायला लागले म्हणून ते एकटेच आले. पूजेला दिलीप आणि त्याची बायको बसली. संकल्पाच्या वेळी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी घरातल्या माणसांची नावं विचारली. दिलीपने स्वतःचं सांगितलं, बायकोचं, पोराचं, मायचं. आणखी कुणी, गुरुजींनी सवयीने विचारलं. दिलीप नाही म्हणणार तेवढ्यात मागून माय म्हणाली, "तापी."

गुरुजी थांबले. दिलीपने वळून पाहिलं. माय नव्या फरशीवर, त्याच कोपऱ्यात बसली होती. "तुनी मोठी बहीन," ती त्याला म्हणाली. "आठेच शे." तिने खाली फरशीकडे बोट दाखवलं आणि मग पाहुण्यारावळ्यांच्या देखत तिने चार-सहा वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

दिलीप पाटावरून उठला. भर पूजेतून तिच्याजवळ गेला आणि फरशीवर तळवा टेकवून बसला. "माय, माले काबर नही सांगं?" तो म्हणाला.

"आते सांगं ना," ती म्हणाली.

गुरुजी शहाणे होते. त्यांनी पोथीकडे पाहिलं नाही, कुणाला काही विचारलं नाही, संकल्पात तापीचं नाव घेतलं. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या, आणि त्यांतल्या दोन म्हाताऱ्या अशा रडत होत्या की मला वाटलं, यांच्याही घरात विचारायला हवं.

जेवणं झाल्यावर नाना दिलीपपुढे हात जोडून उभे राहिले. "मी तुमच्याशी खोटं बोललो नाही, पण तुमचा समज दुरुस्त केला नाही. मले माफ करा." दिलीपने त्यांचे पाय धरले. ठेकेदारही जेवायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, तरी जाताना मला म्हणाला, "काही म्हणा ताई, ईशान्य मोकळी ठेवली हे फार चांगलं झालं."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दुपारचं जेवण झालं, बाजेवर वही घेऊन आडवे पडले आणि उठले नाहीत. त्रास झाला नाही, कुणाला धावाधाव करावी लागली नाही, याचं काकूंनाही समाधान होतं. मी मायला फोनवर कळवलं. गाव सोडून फारसं कुठे न जाणारी माझी माय म्हणाली, "मी बी येस." दिलीपने गाडी काढली आणि आम्ही तिघं फैजपूरला गेलो.

काकू स्वयंपाकघरातच बसल्या होत्या. माय त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींची पहिलीच भेट. एकीची बोली पूर्वेची, दुसरीची पश्चिमेची, पण बोलणं कुठे अडलं नाही. नानांना काय आवडायचं, शेवटी काय जेवले, केळीला यंदा पाणी कसं आहे. मग काकूंनी बायका विचारतात तसं विचारलं, "तुमाले पोरं किती?"

हा प्रश्न मायला विचारला गेलेला मी जन्मभर ऐकला आहे. लग्नात, दवाखान्यात, बसमध्ये. प्रत्येक वेळी ती आधी पदराचं टोक चाचपायची आणि मग म्हणायची, दोन. ती अशीच बोलते, असं मी धरून चालले होते.

या वेळी तिचा हात पदराकडे गेला नाही. "तीन शेतस," ती लगेच म्हणाली. "दोन आंडेरी, एक आंडोर." दोन मुली, एक मुलगा.

काकूंनी मान हलवली. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ही थोरली का?"

"नही," माय म्हणाली. "हाई मधली."